औषध अजून रस्त्यात आहे

मोघे मॅडमनी पहिल्यांदा माझं मनगट धरलं तेव्हा ते चांगलंच दुखलं होतं. मी भूलतज्ज्ञ म्हणून दिल्लीतल्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात नुकतीच लागले होते. मुलांच्या हृदयाचा विभाग, कॅथ लॅब, आणि टेबलावर एक मरतुकडं पोर. मी शिरेतून औषध दिलं आणि वाट पाहिली. पोर टकामका माझ्याकडे बघतच होतं. एवढ्या वेळात एखादा पैलवानसुद्धा घोरायला लागला असता. औषध कमी पडलं असं समजून मी सिरिंजच्या दट्ट्यावर पुन्हा अंगठा ठेवला, आणि मागून कुणीतरी माझं मनगट करकचून धरलं.

"थांब. कुठे निघालीस?"

"मॅडम, झोपला नाही अजून."

"औषध दिलंस ना? मग ते गेलं कुठे? रस्त्यात आहे. धौला कुआँच्या ट्रॅफिकमध्ये अडकलंय. तू मागून दुसरी गाडी सोडलीस म्हणजे पहिली लवकर पोचेल का?"

आम्ही उभ्या राहिलो. माझं मनगट त्यांच्याच हातात होतं. थोड्या वेळानं पोरानं जांभई दिली, डोळे मिटले आणि मान टाकली. मॅडमनी मनगट सोडलं आणि काही झालंच नाही अशा थाटात चष्मा पुसायला घेतला.

हे सगळं पुस्तकात असतं, मी वाचलेलंही होतं. हृदय अशक्त असलं की रक्त हळू ढकललं जातं, त्यामुळे हातातल्या शिरेत दिलेलं औषध मेंदूपर्यंत पोचायला वेळ लागतो. नवखा भूलतज्ज्ञ समजतो की कमी पडलं, आणि पुन्हा देतो. मग दोन्ही डोस एकापाठोपाठ येऊन थडकतात. जे औषध मेंदूला झोपवतं तेच हृदयाला आणि रक्तवाहिन्यांनाही ढिलं पाडतं, आणि आधीच दमलेलं हृदय बसतं ते बसतंच. इतकी साधी चूक आहे. आमच्या धंद्यातल्या माणसाशिवाय कुणाला ती करताही येणार नाही, आणि करताना हात अगदी बरोबर काम करतोय असंच वाटतं.

मला राग आला होता. सैन्यातल्या सुभेदाराच्या मुलीला असं सगळ्यांदेखत हात धरून उभं करायचं म्हणजे काय? कॉरिडॉरमध्ये मी तोंड फुगवून चालले होते. मॅडम मागून आल्या.

"आडनावावरून मराठी दिसतेस. गाव कुठलं?"

"दिल्ली कँट."

"ते गाव नाही, पत्ता आहे."

"वडील सैन्यात होते. मूळ सातारा जिल्ह्यातले."

"म्हणजे फौजी," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून माझं नाव सुटलं. सगळ्या विभागात, वॉर्डबॉयपासून साहेबांपर्यंत, मी फौजी झाले.

शैला मोघे नावाची ही बाई उंचीनं माझ्या खांद्याला लागायची. कॅथ लॅबमध्ये एसी इतका कडक असायचा, की त्या हिरव्या कपड्यांवर घरी विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर घालून यायच्या, मे महिन्यातसुद्धा. मिस्टर केंद्र सरकारच्या कुठल्याशा मंत्रालयात होते, त्यांच्या बदलीबरोबर त्या सांगलीहून दिल्लीत आल्या आणि इथल्याच झाल्या. इथल्याच, पण हिंदी काही सुधारली नाही. उत्तर प्रदेशातून आलेल्या पोरांच्या आयांशी त्या ज्या हिंदीत बोलत तिचं व्याकरण ऐकून आमच्या सिस्टर तोंडावर मास्क आहे याबद्दल देवाचे आभार मानत. माझं मराठी मात्र त्यांना खपत नसे. मध्येच विचारायच्या, "फौजी, ओशाळणं म्हणजे काय?" मी म्हणायची, "मॅडम, कोई भाजी है क्या?" त्यावर त्या कपाळावर हात मारून घ्यायच्या आणि म्हणायच्या की दिल्लीनं तुझं अर्धं मराठी खाल्लं आणि उरलेल्याला फोडणी दिली.

भूल देताना त्यांच्या डाव्या हाताचं तर्जनीचं बोट मुलाच्या नाडीवर असायचं. समोर लाखो रुपयांचे मॉनिटर टिकटिकत असायचे, पण बोट हलायचं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "मॉनिटर म्हणजे शेजारच्या काकू. सांगतात सगळं, पण उशिरा." खरंच तसं होतं. आकडा पडायच्या आधी त्यांचा चेहरा पडलेला मी पाहिला आहे.

शिकवणं म्हणाल तर वर्गात त्या फारशा रमत नसत. कॅन्टीनच्या मागे झाडांना पाणी घालायचा नळ होता, त्याला रबरी पाइप होता. तिथे त्या आम्हा नवीन मुलामुलींना उभं करायच्या. पाइपाचं तोंड दाबलं की धार लांब जाते, सोडलं की पायाशी पडते. "हे पांढरं दुधासारखं प्रोपोफॉल तुम्ही फार प्रेमानं देता ना, ते पाइपाचं तोंड सोडतं. पाणी तेवढंच, पण दाब गेला. आणि वर नळही थोडा बंद करतं." मग लहान मुलांचं हृदय. ते मोठा घास घेऊ शकत नाही, लहान लहान घास पटापट घेऊन पोट भरतं. औषधानं ठोके मंदावले की मोठ्या माणसासारखं मोठा घास घेऊन भरपाई करणं त्याला जमत नाही, ते उपाशी राहतं. "म्हणून मोठ्यांचा डोस नुसत्या वजनाच्या हिशेबानं कमी करून मुलांना देणाऱ्यानं आधी माझ्याशी भांडावं," असं म्हणून त्या चहा मागवायच्या.

केटामीनबद्दल मात्र त्यांचं बोलणं बदलायचं. हे औषध दाब पाडत नाही, उलट वाढवतं, म्हणून अशक्त मुलांसाठी सगळे त्याच्याकडे धावतात. मॅडमही वापरायच्या. पण प्रत्येक वेळी बजावायच्या, "केटामीन स्वतःचं काही देत नाही हं. मुलाच्याच खिशातलं काढून मुलाला देतं. फार दिवस आजारी असलेल्या मुलानं खिसा आधीच रिकामा केलेला असतो. तिथे हेच औषध हृदयावर बसतं. म्हणून थोडं द्यायचं, आणि थांबायचं." मला आजही केटामीनची बाटली फोडताना तो आवाज ऐकू येतो. तेव्हा ते ऐकून आम्ही एकमेकांकडे बघून हसायचो, झालं सुरू मॅडमचं, म्हणून.

थांबण्यावरून त्यांची आणि डॉक्टर भल्लांची रोजची चकमक. भल्ला मुलांच्या हृदयाचे डॉक्टर, कॅथ लॅब त्यांची. मांडीतल्या शिरेतून नळी घालून हृदयापर्यंत पोचायचं आणि आतला दाब मोजायचा, हे त्यांचं काम. हात सोन्याचा, आणि पायाला चाकं. हात धुऊन, गाऊन चढवून दारातून मुंडी काढायचे.

"मैडम जी, बच्चा सो गया?"

"डॉक्टर साहब, आप हाथ धोइए."

"धो लिए मैडम."

"और एक बार धोइए. बच्चों का मामला है."

आणि भल्ला मुकाट पुन्हा हात धुवायला जायचे. एरवी ते कुणाच्या बापाचं ऐकायचे नाहीत.

पण मॅडमची खरी लढाई वेगळ्या गोष्टीवरून होती. भूल देताना आई आत पाहिजे, हा त्यांचा हट्ट. बाकी सगळीकडे दारातच पोराला आईच्या कडेवरून ओढून घेत आणि ते रडून लाल होऊन टेबलावर येई. मॅडम म्हणायच्या, अशक्त हृदयाच्या मुलाला रडवणं म्हणजे त्याला जिना चढायला लावणं. त्यांनी आईला गाऊन घालून आत आणायला सुरुवात केली. पोर आईच्या मांडीवर, सुई आधीच टोचलेली, आणि मॅडम समोर स्टुलावर. मग त्यांच्या त्या भयंकर हिंदीत त्या आईला सगळं आधी सांगायच्या. "देखो, इसकी गर्दन एकदम गिरेंगी. आँख आधी खुली रहेंगी. वो नींद है, दूसरा कुछ नहीं. आप इसका नाम लेते रहो." व्याकरण कसंही असो, आयांना सगळं कळायचं.

भल्लांनी आधी खूप विरोध केला. "माँ बेहोश हो गई तो उसको कौन सँभालेगा?"

"आप," मॅडम म्हणाल्या.

आणि गाझियाबादची एक धिप्पाड बाई एके दिवशी खरोखरच चक्कर येऊन पडली, ती थेट भल्लांच्या अंगावर. भल्ला गाऊनसकट जमिनीवर. मॅडमनी नाडीवरचं बोट न काढता मान वळवून पाहिलं आणि मला म्हणाल्या, "फौजी, साहेबांना उठव. आणि पुन्हा हात धुवायला सांग." त्यानंतर आया आत येऊ लागल्या त्या कायमच्या, आणि हळूहळू आमच्या विभागाचा तो रिवाजच झाला.

हे सगळं मी अशासाठी लिहिते आहे, की मोहितची गोष्ट त्याशिवाय सांगताच येणार नाही. सांगायची इच्छा नाही, पण ती सोडून मॅडमबद्दल लिहिणं हा खोटेपणा होईल.

मोहित चार वर्षांचा होता. बाप रमेश मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कामाला, आई सरिता घरीच. कुठल्याशा आजारानं मोहितचं हृदय फुगून पातळ झालं होतं आणि कित्येक महिने ते कसंबसं चाललं होतं. आतला दाब मोजल्याशिवाय पुढचं काही ठरवता येणार नव्हतं, म्हणून कॅथ लॅब. आदल्या दिवशी मॅडम त्याच्या खाटेशी बराच वेळ बसल्या होत्या. त्यानं त्यांना स्वतःची प्लॅस्टिकची बस दाखवली, कंपनीची बस, बाबा जातात ती. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "याचा खिसा रिकामा आहे, फौजी. उद्या फार जपून."

सकाळी सरिता त्याला मांडीवर घेऊन आत बसली. गर्भार होती, गाऊनची गाठ पोटावर नीट बसत नव्हती. मॅडम समोर, बोट नाडीवर. त्यांनी अगदी थोडं केटामीन हळूहळू दिलं आणि थांबल्या. मोहितला सगळी माणसं मास्क लावून उभी दिसली आणि तो रडायला लागला. आधी मुळूमुळू, मग मोठ्यानं. ओठ निळे पडायला लागले. तो आईच्या गळ्याला धरून उंच व्हायचा प्रयत्न करत होता. सरिता त्याचं नाव घेत होती, घेता घेता तीही रडायला लागली आणि मॅडमना म्हणाली, "मैडम, इसका रोना बंद करा दो. हाथ जोड़ती हूँ, सुला दो इसको."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. मग दट्ट्यावरचा अंगठा थोडा पुढे गेला. मी पलीकडच्या बाजूला होते, मी पाहिलं. थोडंसंच दिलं असेल. रडणं थांबलं. मोहितनं आईच्या खांद्यावर मान टाकली, सरितानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि मॅडमकडे बघून ती हसली. त्या बाईचं ते हसू मला नको होतं बघायला.

मॉनिटर काही बोलायच्या आत मॅडमचा चेहरा पांढराफटक झाला. "घ्या त्याला," त्या मराठीत म्हणाल्या. सिस्टरनी सरिताला बाहेर नेलं, गोड बोलून, आता आत काम सुरू होईल म्हणून. मग आम्ही जे जे करतात ते सगळं केलं. ॲड्रिनलिन दिलं, छाती दाबली, भल्ला धावत आले, आणखी लोक आले. त्या पातळ हृदयानं पुन्हा उचल घेतली नाही. सगळ्यांनी हात बाजूला घेतले तरी मॅडमचं बोट नाडीवर होतं. भल्लांनी ते हळूच उचलून बाजूला केलं, आणि त्या माणसाला इतक्या हळू काही करताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

नियमाप्रमाणे चौकशी झाली. समितीत मोठमोठे लोक होते. मुलाचा आजार अतिशय गंभीर, औषधाची निवड योग्य, एकूण प्रमाण मर्यादेत, रडण्यामुळेही हृदय बंद पडू शकलं असतं, कुणाचा दोष नाही. आणि यातलं काहीच चूक नव्हतं. मॅडमनी न थांबता दिलं म्हणून तो गेला, की तसाही गेला असता, हे जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकणार नाही. मी त्यांना हे सांगायला गेले. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"इतकी वर्षं मी सगळ्यांची मनगटं धरली," त्या म्हणाल्या. "माझं धरायला कुणी नव्हतं."

मी तिथेच होते की. पण त्यांचं मनगट मी कशी धरणार होते? मॅडम चुकतील ही शंकाच आमच्यापैकी कुणाला कधी आली नव्हती.

समितीनं सोडलं तरी मॅडमनी स्वतःला सोडलं नाही. आईबापांना सांगायचंच, असं त्यांनी ठरवलं. विभागप्रमुखांनी नको नको म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही. अतिदक्षता विभागाशेजारी नातेवाइकांशी बोलायची एक कोंदट खोली आहे. रमेश आणि सरिता कागदपत्रांसाठी आले होते, त्यांना तिथे बसवलं. मी दाराशी उभी राहिले.

"मैंने दवाई दूसरी बार जल्दी दी," मॅडम म्हणाल्या. "मेरे को रुकना था. मैं रुकी नहीं."

रमेशनं हात जोडले. "आपने तो बहुत कोशिश की मैडम. हमारी किस्मत." तो काही ऐकतच नव्हता. पण सरितानं मान वर केली. तिला एकेक शब्द कळला होता.

"मैंने बोला था ना आपको," ती म्हणाली. "रोना बंद करा दो, मैंने ही बोला था. तो क्या मेरे बोलने से..."

"नहीं," मॅडम म्हणाल्या. इतक्या झटकन, की मी दचकले. "नहीं बेटा. आपके बोलने से कुछ नहीं हुआ. उसका दिल ही बहुत कमजोर था. कोई कुछ नहीं कर सकता था."

सरिता त्यांच्याकडे बघत राहिली, मग तिनं पदरानं डोळे पुसले आणि मान हलवली. मॅडम खोटं बोलल्या, आणि दुसरं काय बोलणार होत्या? आपली चूक सांगायची तर ती चूक का झाली हेही सांगावं लागणार, आणि ते सांगितलं की त्या बाईच्या पदरात पोराचा जीव टाकल्यासारखं होणार. पोटात दुसरं मूल होतं तिच्या. मॅडमनी आपलं खरं गिळलं ते गिळलंच.

त्यानंतर त्यांनी आयांना आत आणणं बंद केलं. इतकी भांडून मिळवलेली गोष्ट, एका शब्दानं बंद. दारात पुन्हा पोरं रडायला लागली. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "आईचं तोंड दिसलं की मला नाडी लागत नाही."

मग थांबणं वाढलं. पूर्वीचं थांबणं वेगळं होतं, त्यात काहीतरी चाललेलं असायचं, बोटाखाली त्या काहीतरी वाचत असायच्या. आता त्या नुसत्या थांबायच्या. सिरिंज जोडलेली, अंगठा दट्ट्यावर, आणि अंगठा पुढे जाईना. मूल टेबलावर वळवळतंय, भल्ला तिसऱ्यांदा हात धुऊन आलेत, आणि मॅडम तशाच. भल्ला काही बोलत नसत, तेही मला फार लागायचं. पूर्वीसारखे ओरडले असते तर बरं झालं असतं. शेवटी मी हळूच म्हणायची, "मॅडम, मी देऊ?" आणि त्या सिरिंज माझ्या हातात द्यायच्या, दुकानात नको असलेली वस्तू परत करावी तशी. असं होता होता एक दिवस त्या सिरिंज उचलेनाशाच झाल्या. निवृत्तीला अवकाश होता, तरी त्यांनी अर्ज दिला आणि गेल्या. निरोप समारंभ नको म्हणाल्या. आम्ही तरी काय भाषण करणार होतो?

मी द्वारकेला त्यांच्या फ्लॅटवर जात राहिले. मोघेकाका दार उघडायचे. मॅडम बाल्कनीत बसलेल्या असायच्या. विमानं डोक्यावरून इतकी खाली जायची की बोलणं मध्येच थांबवावं लागायचं, आणि मला वाटायचं की त्यांना ते बरं वाटतं. माझं मराठी तपासणं त्यांनी सोडून दिलं होतं. मी मुद्दाम चुकीचं बोलून पाहिलं, अगदी शेंबड्या पोरानं हसावं असं. त्यांनी "अच्छा" म्हटलं.

एकदा काका मला लिफ्टपर्यंत सोडायला आले. "स्वयंपाक करते," म्हणाले, "पण आमटीत मीठ टाकत नाही. मला हाक मारते. तुम्ही टाका म्हणते. मी टाकलं की विचारते, जास्त नाही ना पडलं?" काका हसायला गेले आणि त्यांना ते जमलं नाही. लिफ्ट येऊन उभी होती, मी तिचं दार धरून ठेवलं.

तीनेक वर्षं गेली असतील. एका सकाळी ओपीडीत एक बाई एका चुणचुणीत मुलीला घेऊन माझ्यासमोर आली. मी ओळखलं नाही, तिनं मला ओळखलं. सरिता. मुलगी खुशी, मोहितच्या पाठची. हृदय अगदी ठणठणीत, हर्नियाचं छोटं ऑपरेशन करायचं होतं, बस. पण सरिताचं एकच म्हणणं, भूल देतील तर त्या मोठ्या मॅडमच. मी सांगितलं, त्यांनी काम सोडलं. ती म्हणाली, "एक बार मिलवा दीजिए. मैं मना लूँगी."

मी मॅडमना फोन केला. मला वाटलं, नाही म्हणतील आणि विषय संपेल.

"मुलगी बरी आहे ना?"

"एकदम."

"मग आता सांगता येईल," त्या म्हणाल्या. "आता सरिताला पेलेल. फौजी, मला हे एकदा पूर्ण सांगून टाकायचंय गं. नाहीतर मी अशीच मरेन. आण तिला."

किती दिवसांनी त्यांनी मला फौजी म्हटलं होतं. मी खुळी, मला आशा वाटली.

रविवारी दुपारी मी त्या मायलेकींना मेट्रो स्टेशनवरून घेऊन आले. मानेसरहून शेअर ऑटो, मग बस, मग मेट्रो करत आल्या होत्या, तरी सरिताची साडी कोरी करकरीत होती आणि खुशीच्या केसांना नवी रिबन. मॅडम बैठकीत खुर्चीवर बसल्या होत्या, हात मांडीवर, परीक्षेला बसल्यासारख्या. त्यांनी तयारी केली होती हे दिसत होतं. काकांना त्यांनी आत पाठवलं. सरिता समोरच्या दिवाणावर टेकली.

"सरिता," मॅडम म्हणाल्या, "मेरे को आपको मोहित का एक बात बताना है. उस दिन मैंने आधा बताया था."

"मैडम, पहले मैं बोल लूँ?" सरिता म्हणाली. "फिर हिम्मत नहीं होगी." तिनं खुशीला जवळ ओढलं. "उस दिन वो कितना रो रहा था, याद है आपको? फिर आपने सुला दिया. मेरे कंधे पे. एकदम आराम से सोया मैडम, मेरा हाथ उसकी पीठ पे था. गाँव में लोग बोलते हैं, अस्पताल में अकेला मर गया बेचारा. मैं बोलती हूँ नहीं, मैडम ने मेरी बात सुनी, मेरी गोद में सुलाया. मैं उसी बात पे जी रही हूँ. नहीं तो पागल हो जाती."

मॅडमचे ओठ थोडे उघडे होते, ते मिटले. वरून एक विमान गेलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि मला कळलं की आता त्या याबद्दल कधीच बोलणार नाहीत, ना सरिताशी, ना माझ्याशी. मला सरिताचा राग आला, आणि त्या रागाची लगेच लाजही वाटली.

"आप ही सुलाइए इसको," सरिता म्हणाली, आणि उठून पुढे येऊन पाया पडायला वाकली.

मॅडमनी दोन्ही पाय झटकन वर उचलले आणि खुर्चीवर पोटाशी घेतले. फरशीवर पाणी आल्यावर लहान मुलं घेतात तसे. गुडघ्यांभोवती हात घट्ट आवळून ती म्हातारी बाई खुर्चीत आक्रसून बसली आणि भिंतीकडे बघायला लागली.

सरिता क्षणभर गोंधळली. मग मोठ्या लोकांची रीत असेल असं समजून तिनं पाय होते तिथल्या फरशीला हात लावला आणि तो कपाळाला लावला. मग खुशीची मान हळूच दाबून तिलाही खाली वाकवलं.